विनवणी आहे, आणि ती पैशांसाठीच आहे

लायडन, लायडरडॉर्प, ऊख्स्तखेस्त, फोरस्खोतन इथल्या सगळ्या मराठी आईबाबांना, आणि नातवंडं सांभाळायला तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आजीआजोबांनाही, नमस्कार.

तीन ऑक्टोबरची जत्रा झाली. गावभर लागलेले पाळणे उतरले, हेरिंग आणि पांढरा पाव वाटून झाला, १५७४ साली स्पॅनिश वेढा उठल्याचा आनंद शहराने दरवर्षीसारखा साजरा केला आणि आपल्यापैकी बहुतेकांनी त्या कच्च्या माशाकडे लांबूनच पाहिलं. आता खरी घाई सुरू होते. इथल्या नगरपालिकेला, म्हणजे खेमेन्तेला, पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प १५ नोव्हेंबरच्या आत मंजूर करून प्रांताकडे पाठवावा लागतो. तसा कायदाच आहे. आपल्या हातात पाच-सहा आठवडे आहेत. या आठवड्यांत शहराचे ३९ नगरसेवक पुढच्या वर्षाचा पैसा कशाकशाला वाटायचा ते ठरवतील. त्यात शाळांच्या इमारतीही आल्या. त्यांच्यासमोर पालकांची जी पत्रं पडतील त्यांत एकही मराठी आडनाव नसेल, तर आपण इथे राहतो हे त्यांना कुठून कळावं?

माझी विनंती एका पत्राची आहे. हे पत्र याच महिन्यात जायला हवं. का, ते जरा सविस्तर सांगते.

या शहराला अशा विनवण्यांची जुनी ओळख आहे. लाकनहाल संग्रहालयात आपण पाहुण्यांना कौतुकाने कापडाचा इतिहास दाखवतो. त्या कापडाच्या गिरण्यांमध्ये एकोणिसाव्या शतकात लहान मुलं राबत होती. याकोब यान क्रेमर नावाच्या कादंबरीकाराने लायडनच्या गिरणीतली ती मुलं पाहिली आणि १८६३ साली ‘फाब्रीक्सकिंडरन’ म्हणजे ‘गिरणीतली मुलं’ ही कथा लिहिली. तिच्या नावाखाली त्याने एक ओळ जोडली होती. तिचा अर्थ असा, की ही विनवणी आहे, पण पैशांसाठी नाही. त्याला दानधर्म नको होता, कायदा हवा होता. तो अकरा वर्षांनी आला. १८७४च्या फान हाउतन यांच्या कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवायला बंदी झाली. मग प्रश्न आला, गिरणीतून काढलेली मुलं दिवसभर जाणार कुठे? सक्तीच्या शिक्षणाचा कायदा संसदेत पास व्हायला १९०० साल उजाडलं, आणि तोही ५० विरुद्ध ४९ अशा एका मताने. विरोधातले एक सभासद घोड्यावरून पडले म्हणून मतदानाला येऊ शकले नाहीत. इथल्या मुलांच्या शिक्षणात त्या घोड्याचा वाटा आहे, असं मी माझ्या मुलीला सांगते. ती हसते आणि घोड्याचं नाव विचारते.

कायदा मिळून आता सव्वाशे वर्षं झाली. त्यामुळे क्रेमरची ओळ आपल्याला उलटी लिहायची आहे. आपली विनवणी पैशांसाठीच आहे.

माझ्या मुलाच्या वर्गात भिंतीवर एक छोटी डबी आहे. करोनाच्या साथीनंतर सरकारने वर्गावर्गात कार्बन डायऑक्साइड मोजणारे असे मीटर लावायला लावले. आकडा ८००च्या खाली असला की हवा ठीक. १२००च्या वर गेला की डबी लाल होते. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो. गेल्या जानेवारीत पालकसभेला गेले तेव्हा आम्ही पंचवीस-तीस मोठी माणसं त्या खोलीत बसलो होतो आणि अर्ध्या तासात डबी लाल झाली. युफने, म्हणजे बाईंनी, निमूटपणे उठून खिडकी उघडली. मग आम्ही सगळे कोट घालून बसलो. मुलं रोज असंच करतात, त्या म्हणाल्या. खिडकी उघडली तर हात गारठतात, बंद केली तर अकरा वाजता निम्मा वर्ग जांभया देतो. बाईंचा यात काडीचा दोष नाही. शाळेचं नाव इथे मुद्दाम घेत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही. १९७०-८०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या मेरनवाइक, स्टेफन्सहोफ यांसारख्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्यांना त्या काळातलं बांधकाम कसं असतं हे मी सांगायला नको. घराच्या पातळ भिंती आणि हिवाळ्यातलं गॅसचं बिल त्यांनी पाहिलेलंच आहे.

मग ती इमारत कुणी का दुरुस्त करत नाही? माझी चिडचिड इथूनच सुरू झाली. शाळेची नवी इमारत बांधणं १९९७पासून नगरपालिकेचं काम आहे. तिची देखभाल, रंगरंगोटी, छप्पर आणि वीज-गॅसचं बिल हे शाळा चालवणाऱ्या मंडळाचं काम. २०१५पासून बाहेरची देखभालही मंडळाकडेच गेली. बांधणारा एक, बिल भरणारा दुसरा. बांधणारा स्वस्तात बांधतो, भरणारा चाळीस वर्षं भरत राहतो. आणि जुन्या इमारतीचं मुळापासून नूतनीकरण करायचं झालं तर? ते नेमकं दोघांच्या मध्ये पडतं. भाऊबंदकीतल्या सामाईक भिंतीसारखं. पोपडे दोघांनाही दिसतात, पण गवंडी कुणीच बोलावत नाही.

२०२१ साली देशाच्या सरकारनेच या विषयाचा आढावा घेतला. त्यात निघालं, की देशातल्या शाळा-इमारतींचं सरासरी वय चाळीसच्या आसपास आहे आणि बदलण्याचा वेग असाच राहिला तर एकेका इमारतीला सरासरी ६९ वर्षं तग धरावी लागेल. मधल्या काळात हवा खेळती करण्यासाठी सरकारने ३६ कोटी युरो काढले होते. आकडा मोठा वाटतो. पण सुरुवातीला अट अशी होती, की सरकार खर्चाच्या तीस टक्क्यांपर्यंतच देणार, बाकीचे सत्तर टक्के शाळेने आणि नगरपालिकेने उभे करायचे. आपल्याकडे दुष्काळात विहिरीसाठी अनुदान मिळतं, पण स्वतःचा हिस्सा आधी भरायचा असतो. तो ज्याच्याकडे आहे त्याची विहीर आधीच असते, तसंच हे.

नगरपालिकेकडे हा पैसा येतो कुठून, हेही नीट कळून घेऊ. देशाची तिजोरी सगळ्या नगरपालिकांना एका मोठ्या निधीतून पैसे देते. त्यातली रक्कम ठरवताना शाळा-इमारतींचा हिशेब धरलेला असतो, पण पैसे हातात पडतात तेव्हा त्यांच्यावर ‘शाळा’ अशी चिठ्ठी नसते. ते रस्त्यावर, पोहण्याच्या तलावावर, सायकलच्या पुलावर, वृद्धांच्या मदतीवर, कशावरही खर्च करता येतात. हे सगळंच गरजेचं आहे, मी सायकलवरून पडलेली बाई आहे, पुलांविरुद्ध माझं काही नाही. पण त्या ओढाताणीत ज्याच्या वतीने कुणी बोलत नाही ते मागे राहतं. २०२६साठी तर नगरपालिकांनी ‘दरीचं वर्ष’ असा शब्दच पाडला होता, कारण त्या वर्षी वरून येणारा निधी एकदम खाली येणार असं दिसत होतं. काटछाट आली की इमारती पुढे ढकलणं सगळ्यात सोपं. बंद पडलेली बस दुसऱ्या दिवशी लोकांना समजते. चार वर्षं पुढे गेलेली शाळा कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तोवर तुमचा मुलगा त्या शाळेतून बाहेर पडलेला असतो. लायडनमध्ये तर जागेचीही मारामार. एवढ्याशा हद्दीत सव्वा लाखाहून जास्त माणसं राहतात. शाळेसाठीचा भूखंड एकदा हातातून गेला की परत मिळत नाही.

हे झालं चार वर्षांवरच्या मुलांचं. त्याखालच्यांची पिशवी तर पूर्ण निराळी आहे.

इथे मूल चार वर्षांचं झालं की वाढदिवसानंतर लगेच शाळेत जातं, जूनची वाट बघायची नाही. आदल्या दिवसापर्यंत ते डे-केअरमध्ये, म्हणजे बाजारात. २००५च्या कायद्याने डे-केअर हा व्यवसाय झाला. पालक संस्थेला पैसे भरतात आणि सरकार पालकांना त्यातला काही भाग परत देतं. २०२५ला सरकार तासाला जास्तीत जास्त १०.७१ युरो धरत होतं. संस्थेचा दर त्यापेक्षा जास्त असेल तर वरचा फरक पूर्ण आपला. आणि ही मदत फक्त आईबाबा दोघंही कमावते किंवा शिकत असतील तरच. आपल्यातल्या किती घरांत एक जण नोकरीच्या परवान्यावर आणि दुसरी जोडीदाराच्या परवान्यावर येते! तिला नोकरी शोधायची तर मूल कुठेतरी ठेवायला हवं, आणि मूल ठेवण्यासाठी मदत हवी तर आधी नोकरी हवी. मी या चक्रात सात महिने होते. सासूबाई आल्या म्हणून सुटले.

खोल्यांचा प्रश्न इथेही आहे. नियमाने प्रत्येक मुलामागे आत साडेतीन चौरस मीटर खेळायची जागा लागते, आणि वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक ताई लागते. नियम चांगलेच आहेत, त्यात तडजोड नको. पण त्यामुळे डे-केअरला जागा भरपूर लागते आणि बाळांच्या खोलीत पैसा फारसा सुटत नाही. शहरात भाडं जबर. म्हणून बाळांच्या यादीत नाव घालताना आपण गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात फोन करत असतो, डोहाळजेवणाच्या आधी. शाळेच्या इमारतीतच दोन खोल्या मिळाल्या तर किती सोयीचं होईल, असं कुणालाही वाटेल. पण शिक्षणाच्या इमारतींसाठीचा पैसा डे-केअरच्या खोल्यांवर घालता येत नाही. नगरपालिकेने त्या बांधल्याच तर वेगळ्या खात्यातून, आणि खर्च भरून निघेल एवढं भाडं लावून. एकाच छपराखाली मधल्या दाराच्या अलीकडे एक तिजोरी, पलीकडे दुसरी.

जवळजवळ फुकट डे-केअरचं आश्वासन तुम्हीही ऐकलं असेल. २०२१च्या सरकार-करारात ते आलं. २०२५ला सुरू होणार होतं, मग २०२७ म्हणाले, मग २०२९. ते येईल तेव्हा येवो. पण आलं आणि खोल्याच नसल्या, तर सगळ्यांना मदत मिळेल आणि बाळाला जागा मात्र मिळणार नाही. म्हणून खोल्यांचं आधी बोलायला हवं.

पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात असावी, ही कल्पना डच लोक हल्ली मोठ्या नव्या गोष्टीसारखी सांगतात. आपल्याला ती ऐकून गालातल्या गालात हसायला हरकत नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला त्यांनी जे उभं केलं, त्यातल्या विकासवाडीची रचना हीच होती. आदिवासी मुली शाळेत का येत नाहीत? कारण कडेवर धाकटं भावंड असतं. मग धाकट्याला पाळणाघरात घ्या, मधल्याला बालवाडीत, थोरलीला शाळेत, सगळं एकाच ठिकाणी. ज्यांच्या पद्धतीतून ताराबाईंनी सुरुवात केली आणि मग ती आपल्या मातीत, गोट्या-शंख-पानांत उतरवली, त्या मारिया मॉन्टेसरी आपल्या इथून सायकलने तासाभरावर, नोर्डवाइकला, १९५२च्या मे महिन्यात वारल्या. तिथल्या कबरस्तानात त्यांची समाधी आहे. समुद्रावर गेलात तर जाऊन या. बोर्डीचा किनारा आणि नोर्डवाइकचा किनारा असा जोडला गेलेला पाहून मला उगाच धीर येतो.

आता तुमच्या मनात जे येतंय ते मला ठाऊक आहे, कारण गेली दोन वर्षं मी ते ऐकते आहे. पहिलं म्हणजे, “आपण वर्गणी काढून वर्गाला हवा शुद्ध करणारं यंत्र देऊया.” हे आपलं रक्तातलं आहे. रयत शिक्षण संस्थेपासून गावच्या झेडपी शाळेच्या पत्र्यापर्यंत आपण लोकवर्गणीतून किती उभं केलं! पण इथे वर्गणी भरून झाली आहे. दर महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठीत ती कापलेली दिसते. आपल्याला पावती मागायची आहे. शाळा वर्षाला मागते ती पालक-देणगीसुद्धा ऐच्छिक असते, आणि ती दिली नाही म्हणून मुलाला सहलीतून वगळता येत नाही, असा २०२१पासून कायदा आहे.

दुसरं: “आपण काय, चार-पाच वर्षांत परत जाणार.” असं म्हणत दहा वर्षं राहिलेली निदान पाच घरं मी मोजून दाखवते. आणि जाणार असलो तरी मूल आज त्या खोलीत बसलेलं आहे.

तिसरं कुणी मोठ्याने बोलत नाही. सरकारी निळं पाकीट आलं की आपल्या पोटात गोळा येतो. डे-केअरच्या मदतीतला तो प्रचंड घोटाळा आपण पाहिला. हजारो पालकांना खोटं ठरवलं गेलं, दुहेरी नागरिकत्व असलेल्यांकडे संशयाने पाहिलं गेलं, आणि १५ जानेवारी २०२१ला अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. म्हणून ‘आपण कशाला डोळ्यांवर यायचं’ असं वाटणं मला समजतं. पण नगरसेवकांना पत्र लिहिण्याचा आणि तुमच्या परवान्याचा किंवा मदतीचा काही संबंध नाही. ती दोन वेगळी दारं आहेत. आणि त्या घोटाळ्याला वाचाही पालक, वकील आणि मोजके खासदार चिवटपणे बोलत राहिले म्हणूनच फुटली.

चौथी शंका सर्वांत सभ्य असते: परक्या देशाच्या पैशाबद्दल आपण काय बोलायचं? तेव्हा मला महात्मा फुले आठवतात. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. सरकार परकं होतं, भाषा इंग्रजी होती. तरी त्यांनी हिशेबच मांडला, की सरकारी तिजोरीत पैसा रयतेच्या कष्टातून येतो आणि तो उच्च शिक्षणावर, वरच्या वर्गावर खर्च होतो. प्राथमिक शिक्षणावर खर्च करा आणि बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. आपलं सरकार तर परकंही नाही. आपण त्याला कर देतो आणि, हे पुष्कळांना माहीत नसतं, मतही देऊ शकतो. युरोपबाहेरच्या पासपोर्टवर असलो तरी सलग पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या माणसाला नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क आहे. वेगळी नोंदणी लागत नाही, मतदानपत्र टपालाने घरी येतं. मागच्या खेपेला आमच्या इमारतीतल्या एका मराठी घरात ते पत्र जाहिरातींबरोबर कचऱ्यात गेलं होतं. पाच वर्षं झालेल्यांना निवडणुकीला उभंही राहता येतं. दर चार वर्षांनी मार्चमध्ये निवडणूक असते. ५० विरुद्ध ४९ लक्षात आहे ना?

मार्च त्याच्या वेळी येईल, तोवर पत्र. पत्रात दोनच गोष्टी मागायच्या. शाळा-इमारतींच्या आराखड्यातली कामं काटछाटीत पुढच्या वर्षांवर ढकलू नका, ही एक. आणि जिथे जिथे नवी शाळा किंवा मोठं नूतनीकरण होणार आहे, तिथे डे-केअर आणि शाळेनंतरच्या बीएसओच्या खोल्या पहिल्या नकाशापासून धरा, नंतर कंटेनर आणून ठेवू नका, ही दुसरी. मुलाची शाळा, वय, आणि वर्गातल्या डबीवर तुम्ही स्वतः पाहिलेला आकडा लिहा. देशाची आकडेवारी नगरसेवकांना पाठ असते. तुमच्या मुलाच्या वर्गातला सकाळी अकराचा आकडा मात्र त्यांच्याकडे नसतो. एकच मजकूर चाळीस जणांनी सही करून पाठवू नका, ते लगेच ओळखतात आणि एकच धरतात. दहा वेगवेगळी, मोडकीतोडकी पत्रं बरी. ज्यांना धीर आहे त्यांनी समितीच्या बैठकीत काही मिनिटं बोलायला नाव द्या. सभागृहाचं सचिवालय त्यासाठी मदत करतं, ते कुणालाही हाकलत नाहीत.

आणि पत्राच्या पलीकडचं, कारण इमारत एका वर्षात होत नाही. प्रत्येक शाळेत एमआर नावाची समिती असते, पालक आणि शिक्षक निम्मे-निम्मे. नव्या इमारतीबद्दल किंवा मोठ्या दुरुस्तीबद्दल तिचा सल्ला घ्यायलाच लागतो, असा कायदा आहे. डे-केअरमध्ये पालक समिती असते, दर वाढवण्याआधी तिला विचारावं लागतं. दोन्हीकडच्या जागा कित्येक वेळा रिकाम्या राहतात. आपले बाबालोक ऑफिसात चाळीस जणांच्या बैठका चालवतात, इंग्रजीत, स्लाइडांसह, आणि एमआर म्हटलं की “माझं डच चांगलं नाही” म्हणतात. तुमच्यापेक्षा वाईट डच बोलणारा एक जर्मन बाबा आमच्या एमआरवर आहे आणि छान काम करतो.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजल्यापासून मी घरीच आहे, ज्यांना पत्र लिहायला सोबत हवी त्यांनी या. पत्ता आपल्या पालकांच्या गटावर आहे. लॅपटॉप नसला तरी चालेल, पण शुक्रवारी मुलांना सोडताना वर्गात डोकावून डबीचा आकडा कागदावर लिहून आणा. चहा-पोहे माझ्याकडे. डच तपासायला आमची ग्रूप सातमधली मुलगी बसणार आहे. ती चुका दाखवताना हसते, तेवढं सहन करावं लागेल.